अर्धा फेरा ढिला

मी डोंगरात एकटीच जाते. हे कळलं की लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते ना, माणसांची वाटते. वर्षभर मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते आणि समोरचा प्रत्येक माणूस आपल्या पोटाची कहाणी पहिल्यापासून सांगत असतो. म्हणून वर्षातून एकदा रजा टाकायची, पाठीवर सॅक चढवायची आणि 'गोळी जेवणाआधी की जेवणानंतर' असं विचारायला जिथे कोणी नसेल अशी वाट धरायची, हा माझा नेम. सोबत कोणी नको. आल्या वाटेने परतही फिरायचं नाही. एका खोऱ्यातून चढायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरायचं.

त्या वर्षी बस शेवटच्या थांब्यावर थांबली तेव्हा माझ्याबरोबर एकच बाई उतरली. साठीची असावी. ठेंगणी, गोल, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पायात नवे कोरे बूट. पाठीवर चामड्याची जुनी पिशवी होती, पण ती तिच्या मापाची नव्हतीच. पट्ट्यांना गाठी मारून आखूड केलं होतं, तरी चालताना ती खाली आपटायची आणि आतलं लोखंड खुळखुळायचं. मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मागे रेंगाळले. तीही रेंगाळली. मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तिने शांतपणे वाट पाहिली.

"ताई, तुम्ही वरच निघालात ना?"

खोटं बोलायला जागा नव्हती. तिथून रस्ता फक्त वरच जात होता.

"मला त्या घसरणीपलीकडे सोडा, बस्स. पहिल्या गावाच्या पुढे आहे म्हणे. सगळा उतार बारीक दगडांचा, पायाखालून सरकतो. आमच्या यांनी सांगितलंय, तिथे खाली बघायचं नाही. पण न बघता पाय कुठे ठेवायचा, ते नाही सांगितलं. असेच आहेत ते. अर्धं सांगायचं आणि गप्प बसायचं. घसरण ओलांडली की तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या."

एक मुक्काम आणि वर थोडं, एवढं काढू कसंतरी, असं म्हणून मी होकार दिला. आणि दहा पावलांत पस्तावले. बाईंच्या तोंडाला चढ लागतच नव्हता. मला धाप लागली होती आणि त्या आरामात बोलत होत्या.

त्यांच्या घरचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. खाली शहरात एका शटरचं दुकान, आणि दरवर्षी थंडी ओसरली की यजमानांची या वरच्या गावांची फेरी. इथे घरोघरी मशीन असतं. काळं, जड, पायाने चालवायचं, सासूकडून सुनेकडे आलेलं. बायका त्यावर जाड लोकरी कोट शिवतात, पांघरुणं शिवतात, खेचरांच्या पाठीवरच्या गाद्यासुद्धा शिवतात. ते धूड खाली नेण्यापेक्षा मशीनवाल्याने वर येणं सोपं. मशीनवाले काका म्हणून त्यांना सगळे ओळखतात.

"आणि तुम्हालाही येतं हे काम?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गेलं तोंडातून.

"येतं म्हणजे? माझे वडील शिंपी. हे त्यांचं मशीन दुरुस्त करायला आले, तीनदा आले. मशीन एकदाच बिघडलं होतं." त्या स्वतःशीच हसल्या. "लग्नानंतर दुकानात मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले ती बसलेच. काम चांगलं करतात, नाही असं नाही. पण माणूस ढिला. शर्टाचं बटण ढिलं, डब्याचं झाकण ढिलं, स्क्रूसुद्धा ढिला. मी म्हणते, अहो, पूर्ण आवळा ना! तर म्हणतात, राहू दे गं, त्यालाही श्वास घ्यायचा असतो. लोखंडाला श्वास! मग ते चहाला गेले की मी मागून सगळे स्क्रू आवळून ठेवते. गिऱ्हाईक यायच्या आत."

नवऱ्याच्या तक्रारी ऐकायची मला सवय आहे. निम्मी डोकेदुखीची औषधं त्यावरच खपतात. मी हं हं करत चालत राहिले.

वाटेत पाण्याचा दगडी हौद लागला. तिथे त्यांनी पिशवी उतरवली, थर्मास काढला आणि दोन कप काढले. एक कप माझ्या हातात देताना क्षणभर सोडलाच नाही. कानाजवळ टवका उडालेला, निळा कप होता.

"ते स्वतः का नाही आले मग?" मी म्हटलं.

"ते गेले." त्या थर्मासचं झाकण लावत होत्या. "गेल्या हिवाळ्यात. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. हातात बॉबिन होती. तीसुद्धा ढिलीच धरलेली. घरंगळत दारापर्यंत गेली."

मी कप तोंडापासून खाली घेतला. "तुम्ही सारखं 'आहेत, म्हणतात' असं बोलत होतात..."

"मग काय बोलू? भांडण अर्ध्यावर टाकून गेले. माझं अजून संपलेलं नाही."

तो चहा फार गोड होता. मी साखर घेत नाही. सगळा प्यायले.

पुढच्या चढावर त्यांनी उरलेलं सांगितलं, आणि हळू आवाजात सांगितलं. मुलगा दूर मोठ्या शहरात नोकरीला. आई, आता पुरे, शटर ओढ आणि आमच्याकडे ये, असं तो सतत म्हणत होता. चांगला मुलगा, सूनही चांगली. दोघांनी तिथली खोली दाखवली होती. एक पलंग, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. "तिथे मी करू काय? नातवंडांची बटणं लावू?" शहरात आता लोक तयार कपडे घेतात, दुकान चालत होतं ते या वरच्या फेरीवर. म्हणून बाईंनी मुलाला शब्द दिला होता. वरच्या गावांनी त्यांच्या हाती मशीन दिलं, पुढच्या वर्षीही ये म्हटलं, तर दुकान राहील. नाही म्हटलं तर त्या मुकाट्याने तिथल्या खोलीत जातील.

"पण ते गेले हे मी आधी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "दया म्हणून दिलेलं काम मला नको. आधी काम बघा, मग सांगते."

पहिलं गाव दुपारी लागलं. दगडी भिंती, ठेंगणी दारं, दारासमोर वाळत घातलेली लोकर. आम्ही गेलो त्या घरी खिडकीखाली मशीन होतं, आणि त्यावर फुलाफुलांचं फडकं झाकलेलं. घरची सून दारात आली, पिशवी बघून हसली, मग पिशवीखालची बाई बघून गोंधळली.

"काका नाही आले?"

"गुडघे दुखतात त्यांचे," बाई म्हणाल्या. "मला पाठवलंय."

मी भिंतीकडे बघत राहिले. गुडघ्यांसाठी आमच्याकडे चार प्रकारची मलमं आहेत.

मग बाईंनी चष्मा चढवला, बाह्या सारल्या, आणि मी तोंड मिटून बघत बसले, कारण ते बघण्यासारखं होतं. त्यांनी मशीन उलटं केलं, ब्रशने आतला लोकरीचा कीस काढला, तेलाचा थेंब नेमका जिथे हवा तिथे सोडला. तोंड बंद आणि हात चालू, असं त्यांचं पहिल्यांदाच दिसलं. मधेच "हे बघा, हे बघा!" म्हणून मला जवळ बोलावलं. दोऱ्याचा ताण ठरवणारा स्क्रू आणि कापड दाबून धरणारा स्क्रू, दोन्ही अर्धा फेरा ढिले. "ही यांची सही," त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि दोन्ही आवळून टाकले. आपल्या पिशवीतलं रीळ लावलं, सुती चिंधीवर टाके घालून दाखवले. मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ, एकसारखे टाके. सून म्हणाली, छान. शेजारच्या दोन घरांतूनही बोलावणं आलं. बाईंची मान ताठ झाली.

एवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारा आवाज आला. सुनेची आजेसासू आत अंथरुणाला खिळून होती.

"कोण गं? हा कोणी दुसराच दिसतोय."

"काकांकडचंच माणूस आहे, आजी," सून म्हणाली.

"नाही. दुसराच आहे."

बाईंनी ऐकलं. त्या रात्री आम्ही त्याच घरी माळ्यावर झोपलो, पण बाई गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी वाटेला लागल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हातारीचे कान गेलेत."

घसरण आली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. वाट म्हणजे नुसती एक रेघ, खाली दरी आणि पायाखाली सरकणारे खडे. मी पुढे झाले, हात मागे केला, त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. इतका घट्ट की अंगठी बोटात रुतली. अर्ध्यावर त्या थांबल्या. पाऊल पुढेही टाकेनात, मागेही.

"त्यांना काय काय म्हणता ते सांगा," मी म्हटलं. "डब्याच्या झाकणाचं सांगा."

"झाकण..." त्या म्हणाल्या, आणि एक पाऊल टाकलं. "बशी ठेवतात वरती, झाकण लावायचा कंटाळा..." आणखी एक. अख्खी घसरण आम्ही काकांच्या चुकांवर पार केली. चुका पुरल्या, वर काही उरल्याही.

पलीकडे खरं तर माझं काम संपलं होतं. वाट तिथे फुटत होती, खिंड वर, दुसरं गाव डाव्या हाताला. मी म्हटलं, गावात पाणी भरून घेते आणि पुढे जाते. पाणी मला दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत पुरलं असतं इतकं बाटलीत होतं.

दुसऱ्या गावातलं पहिलं घर एका धिप्पाड बाईचं होतं. आमच्या बाईंनी मशीन उघडलं, पुन्हा तेच, दोन स्क्रू अर्धा फेरा ढिले. पुन्हा आवळले. त्या पिशवीतलं रीळ काढणार एवढ्यात घरवाली म्हणाली, "थांबा, माझंच घ्या," आणि टोपलीतून दोऱ्याचा गुंडा काढला. घरी कातलेला लोकरीचा दोरा. कुठे जाड, कुठे बारीक, मधेमधे गाठी. "हिवाळ्यात रिळं कुठली मिळायला? आमच्याकडे सगळं यावरच." तिने तो सुईत ओवला, कोटाचं जाड कापड खाली सारलं आणि पायडल मारलं.

टक्. दोरा तुटला.

पुन्हा ओवला. टक्.

"काका असं नाही करत," घरवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. "त्यांनी केलं की गाठसुद्धा अलगद निघून जाते."

बाईंनी तुटलेला दोरा ओढून काढला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, दोन्ही स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवले. पायडल मारलं. मशीन वेगळंच वाजायला लागलं, टपटप, टपटप, मधेच गाठ आली की किंचित अडखळ, आणि पुन्हा टपटप. दोरा तुटला नाही.

घरवाली खूश होऊन चहा ठेवायला गेली. बाई स्टुलावर बसून राहिल्या, हात मांडीत.

"श्वास घ्यायला," त्या म्हणाल्या. "ढिलाई नव्हती हो ती. आणि मी जन्मभर मागून आवळत बसले. गिऱ्हाईकांसमोर बोलले त्यांना. त्यांनी एकदाही नाही सांगितलं की बाई गं, वर दोरा असा असतो."

मग एकदम त्या ताठ बसल्या. "खालच्या गावातली तीन मशीनं."

मलाही तेव्हाच उमगलं. तिथल्या टोपल्यांतही हाच दोरा असणार. आतापर्यंत तो तुटूही लागला असेल, आणि ही बातमी एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जायला वेळ लागत नाही.

"मी परत जाते," त्या पिशवी भरत म्हणाल्या. "तुम्ही खिंडीला लागा. उशीर करू नका, वर ढग येतात म्हणे."

"आणि घसरण?"

"बघते."

मी दारातून खिंडीकडे पाहिलं. स्वच्छ दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर. गेलं वर्षभर काउंटरमागे उभी राहून मी तिचं स्वप्न पाहिलं होतं. मी आल्या वाटेने कधीच परत फिरत नाही, हे माझं त्यांना तीनदा सांगून झालं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की सॅकचे पट्टे ओढताना एक तुटायचाच बाकी राहिला.

"चला," मी म्हटलं. "आणि वाटेत बोलायचं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि खरंच बोलल्या नाहीत. मला ते मुळीच आवडलं नाही.

घसरणीपाशी मी सवयीने हात मागे केला. तो त्यांनी बाजूला सारला. "पुढे मी जाते. तू मागून ये." ताईची मी 'तू' कधी झाले ते कळलंच नाही. त्या पिशवी आपटत, खडे सरकवत, समोर बघत निघाल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. या वेळी ऐकू येत नव्हतं, पण ते भांडण नव्हतं. माझाच पाय मधे दोनदा सरकला.

खालच्या घरी मशीनवर पुन्हा फुलाफुलांचं फडकं पडलं होतं. सुनेने आम्हाला पाहिलं आणि ओशाळली, जणू चूक तिचीच.

"दोरा तुटतो ना?" बाई म्हणाल्या.

"तुटतो. पण असू दे, आम्ही हाताने शिवू. आजी म्हणाल्या, काही बोलू नका, काकांना वाईट वाटेल."

"चूक माझी आहे. तुमचा दोरा न विचारता माझा लावला. आण तुझा गुंडा."

दोन स्क्रू, अर्धा अर्धा फेरा. दोरा ओवला, जाड कापड सारलं, पायडल मारलं. खोलीभर ते टपटप, टपटप सुरू झालं. मी खिडकीपाशी उभी होते. बाहेर कोंबड्या लोकरीभोवती फिरत होत्या.

आतून आवाज आला. "आला वाटतं! बसव गं त्याला, दूध दे आधी."

मशीन थांबलं. सून बाईंकडे बघू लागली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. उठल्या आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेले. म्हातारी पलंगावर पडली होती, डोळे पांढुरके, चेहरा आवाजाकडे वळवलेला.

"ते नाहीत आले, आजी," बाई म्हणाल्या. "गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं. ते गेले. हिवाळ्यात. मी त्यांची बायको."

म्हातारीने उशीवरून मान उचलली. मग हात पुढे केला. बाईंनी आपला हात तिच्या हातात दिला. म्हातारीने बोटं चाचपली, अंगठ्याखालचा घट्टा चाचपला.

"मग काल वाजलं ते तुझं. आणि आज त्याचं."

"हो."

"म्हणजे तू ती. आवळणारी!" म्हातारीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गालावर आलं. "दरवर्षी इथे बसून दूध प्यायचा आणि तुझंच सांगायचा. म्हणायचा, आजी, माझी बायको माझ्याहून भारी कारागीर आहे. फक्त फार आवळते. मशीनलाही आणि मलाही. मी म्हणायचे, मग तिला पाठव ना. तर म्हणायचा, मी थकलो की येईलच ती. पहिल्या दिवशी सगळं घट्ट करून ठेवेल. तुम्ही काही बोलू नका, तिचं तिला कळेल आणि परत येईल."

बाई मटकन पलंगाच्या कडेवर बसल्या. हातातला चष्मा मांडीवर पडला.

"बघ ना," त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या म्हातारीच्या हाताकडे. "अर्धं मला सांगायचे. उरलेलं अर्धं इथे ठेवलं होतं." आणि मग त्या रडल्या. गेल्या हिवाळ्यापासूनचं सगळं रडल्या, मोठ्याने, नाक ओढत. म्हातारी त्यांच्या मनगटावर थोपटत राहिली. मीही रडले. एरवी मी काउंटरवर रडणाऱ्या माणसाला रुमाल देते आणि पुढच्याला हाक मारते.

सून दारात दुधाचे पेले घेऊन उभी होती. "मावशी," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी थंडी ओसरली की लगेच या हां. गेल्या खेपेला काकांनी फार उशीर केला होता."

"ढिलेच होते," बाई म्हणाल्या. डोळे पुसले, चष्मा घातला, पेला एका घोटात रिकामा केला आणि उठल्या. "चल, शेजारचं मशीन दाखव. आणि दोरा त्यांचाच काढायला सांग."